लाळेच्या चाचणीत नेमके काय शोधतात?

पावसाळा सुरू झाल्यापासून ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांमध्ये लाळेवरून होणाऱ्या स्वस्त चाचण्यांविषयीचे प्रश्न सर्वाधिक आहेत. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केलेल्या आमच्या स्तंभलेखक डॉक्टरांनी त्यांना उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलात एका कंपनीचे प्रतिनिधी आले होते. ‘लाळेचा एकच नमुना द्या, १९९ रुपयांत सगळे व्हायरल इन्फेक्शन कळतील,’ असे सांगून त्यांनी रविवारी शिबिर घेण्याची परवानगी मागितली आहे. कोविडच्या काळात नाकातील चाचणीला हजारो रुपये मोजल्याचे आम्हांला आठवते. मग ही चाचणी इतकी स्वस्त कशी? सोसायटीचा सचिव म्हणून मी परवानगी द्यावी का?

परवानगी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण किंमत हे नसून त्या वाक्यातील ‘सगळे’ हा शब्द आहे.

चाचणी स्वस्त आहे एवढ्यावरून तिच्यावर संशय घेणे योग्य ठरणार नाही. मार्च २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, खासगी प्रयोगशाळांतील कोविड चाचणीची कमाल किंमत ४,५०० रुपये ठरवली होती. वर्षभरातच महाराष्ट्रात तीच चाचणी प्रयोगशाळेत जाऊन केल्यास ५०० रुपयांत होऊ लागली. पद्धत तीच होती, परंतु देशातच किट तयार होऊ लागले (पुण्याच्या मायलॅबच्या किटला मार्च २०२० मध्येच मान्यता मिळाली होती), चाचण्यांची संख्या वाढली आणि दर उतरले. लाळेच्या चाचणीत काटकसर याहून एक पाऊल पुढे जाते. नाकातील नमुन्यासाठी विशिष्ट प्रकारचा स्वॅब लागतो, तो घेणारा प्रशिक्षित कर्मचारी आणि त्याचा संरक्षक पोशाख लागतो, नमुना टिकवणारे द्रावण लागते आणि पुढे प्रयोगशाळेत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, वेगळा काढण्यासाठी आणखी एक किट लागते. लाळ मात्र माणूस स्वतःच नळीत देऊ शकतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात अ‍ॅन वायली आणि नेथन ग्रबॉ यांच्या गटाने ‘सलायव्हा डायरेक्ट’ ही पद्धत विकसित केली आणि तिला ऑगस्ट २०२० मध्ये तेथील औषध प्रशासनाने आपत्कालीन वापराची परवानगी दिली. या पद्धतीत आरएनए वेगळा काढण्याची पायरीच गाळलेली आहे. लाळेत प्रोटिनेज-के नावाचे एन्झाइम मिसळतात, मिश्रण ९५ अंश सेल्सियसला पाच मिनिटे तापवतात आणि तेच थेट पीसीआर यंत्रात, म्हणजे विषाणूचा धागा अनेक पटींनी वाढवून शोधणाऱ्या यंत्रात, घालतात. एका नमुन्याला लागणाऱ्या रसायनांचा खर्च त्यांनी १.२९ ते ४.३७ डॉलर इतका दिला होता, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण १०० ते ३३० रुपये. त्यात पगार, यंत्र, वीज आणि ने-आण धरलेली नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता ‘सगळे’ या शब्दाकडे वळतो. लाळेच्या चाचणीत तीनपैकी एक गोष्ट शोधली जाते : विषाणूचा जनुकीय धागा, विषाणूवरील एखादे प्रथिन म्हणजे अँटिजेन, किंवा आपल्या शरीराने त्या विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी. यांतील कोणतीही गोष्ट शोधायची तर आधी विषाणू ठरवावा लागतो, कारण पीसीआरमधील प्रायमर, म्हणजे जनुकाचे छोटे जुळते तुकडे, ठरावीक विषाणूच्या जनुकातील ठरावीक भागालाच चिकटतात आणि रॅपिड किटच्या पट्टीवरील प्रतिपिंडे ठरावीक प्रथिनालाच पकडतात. एकाच वेळी अनेक विषाणू शोधणारे पॅनेल असते, पण ते महाग असते, आणि त्यातही यादीत असलेलेच विषाणू सापडतात. शिवाय प्रत्येक विषाणू लाळेत उतरतोच असे नाही. गालगुंडाचा विषाणू लाळग्रंथीतच वाढतो. म्हणून त्या चाचणीत कानापुढील ग्रंथीवर अर्धा मिनिट हळूवार चोळून गालाच्या आतील बाजूने स्वॅब घेतात. कोविडचा विषाणू लाळेत चांगला सापडतो. पावसाळ्यातील काविळीसाठी मात्र रक्तच द्यावे लागते.

आणखी एक हिशेब शिबिर घेणाऱ्या प्रत्येक सचिवाने एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, संकुलात लक्षणे नसलेली १,००० माणसे आहेत आणि त्यांतील १० जणांना खरोखर संसर्ग आहे. चाचणी १०० बाधितांपैकी ८० जणांना पकडते आणि १०० निरोगी माणसांपैकी दोघांना चुकून बाधित ठरवते, असे धरू. मग १० बाधितांपैकी ८ सापडतील, दोघे निर्धास्त होऊन हिंडतील आणि ९९० निरोगी माणसांपैकी सुमारे २० जणांच्या हाती पॉझिटिव्ह रिपोर्ट पडेल. म्हणजे २८ पॉझिटिव्हपैकी २० खोटे. हीच चाचणी ताप-खोकला असलेल्या ५० माणसांवर केली, आणि त्यांतील निम्मे बाधित असले, तर सुमारे २० खरे पॉझिटिव्ह मिळतील आणि खोटा जेमतेम एखादा. चाचणी तीच असूनही कोणावर केली यावरून तिचे मोल बदलते, आणि सरसकट शिबिराला माझा विरोध आहे तो यासाठी.

प्रतिनिधी पुन्हा आले तर चाचणी कोणत्या विषाणूसाठी आहे, ती जनुक, अँटिजेन की प्रतिपिंड शोधते, नमुना कोणत्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाणार आहे आणि पॉझिटिव्ह आलेल्याची खात्रीची चाचणी कोणाच्या खर्चाने होणार आहे, हे त्यांच्याकडून लेखी मागावे. उत्तरे लेखी मिळाली नाहीत, तर पुढे बोलण्याची गरजच राहत नाही.

प्रश्न : माझे सासरे ८३ वर्षांचे आहेत आणि त्यांना विस्मरणाचा आजार आहे. आम्ही नौपाड्यात राहतो. मागे कोविड चाचणीसाठी नाकात काडी घालताना त्यांनी मान झटकली आणि नाकातून रक्त आले. तेव्हापासून कोणी चेहऱ्याजवळ हात नेला तरी ते घाबरतात. पुन्हा वेळ आली तर लाळेची चाचणी तितकीच विश्वासार्ह असते का? ते अधूनमधून तंबाखू खातात, हेही सांगते.

कोविडपुरते बोलायचे तर, नमुना नीट घेतला असल्यास लाळेवरील पीसीआर नाकातील स्वॅबच्या जवळपास उतरते. साथीच्या सुरुवातीलाच, फेब्रुवारी २०२० मध्ये, हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांपैकी ११ जणांच्या लाळेत विषाणू सापडल्याचे प्रसिद्ध केले होते. त्याच वर्षी येलच्या गटाने रुग्णालयातील ७० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात निदानानंतरच्या पहिल्या दिवसांत लाळेतील विषाणूचे प्रमाण नाकातील नमुन्यापेक्षा कमी नव्हते, उलट काहीसे अधिकच होते. आपल्या राज्यातील कामही येथे आवर्जून सांगण्यासारखे आहे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेत डॉ. कृष्णा खैरनार यांच्या गटाने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर चालणारी आरटी-पीसीआर पद्धत तयार केली आणि मे २०२१ मध्ये तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. सलाइन तोंडात घेऊन गुळणी करायची आणि ती नळीत थुंकायची, एवढेच रुग्णाला करावे लागते. स्वॅबही नको आणि नाकाला हातही लावायला नको.

हे सारे पीसीआरविषयी झाले. पंधरा मिनिटांत रेघ दाखवणाऱ्या अँटिजेन किटला हे लागू करू नका, कारण पीसीआरमध्ये विषाणूचा धागा प्रत्येक फेरीत दुप्पट होतो आणि ३० फेऱ्यांत एकाचे १०० कोटींहून अधिक होतात. अँटिजेन पट्टीवर असे काही वाढत नाही, नमुन्यात आहे तेवढेच दिसते. म्हणून नाकासाठी बनवलेल्या घरगुती किटमध्ये लाळ घालून पाहणे चुकीचे आहे.

नमुना घेण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रयोगशाळेत मी सर्वाधिक नमुने याच कारणाने बाद होताना पाहिले आहेत. आपल्याकडे ‘थुंकी’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. क्षयरोगाच्या तपासणीत ‘थुंकी’ मागतात तेव्हा छातीतून खाकरून काढलेला बेडका हवा असतो आणि तिथे नुसती लाळ दिली तर नमुना निरुपयोगी ठरतो. लाळेच्या चाचणीत याच्या उलट असते. खाकरायचे नाही, खोकायचे नाही. मान थोडी खाली करून तोंडात आपोआप साठणारी लाळ नळीत ओघळू द्यायची. घट्ट, चिकट बेडका पिपेटमध्ये ओढला जात नाही आणि पीसीआरची क्रियाही बिघडू शकते. नमुन्याआधी किमान अर्धा तास खाणे, पिणे, दात घासणे आणि तंबाखू बंद ठेवावी. सासऱ्यांना सांगितलेले समजत नसेल, तर गुळणीचा आग्रह धरू नका, त्यांना ठसका लागू शकतो. सकाळी चहाच्या आधी, त्यांच्या ओळखीच्या माणसाने शेजारी बसून, लहान कपात लाळ घेणे हा त्यांच्यासाठी सर्वांत सोपा मार्ग ठरेल.

तंबाखूचा मुद्दा आपण मांडला, हे फार चांगले झाले. काही स्वस्त चाचण्या ‘लॅम्प’ पद्धतीवर चालतात. ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली आणि २००० साली प्रसिद्ध झाली. तिला तापमान वर-खाली करणारे महागडे यंत्र लागत नाही, साधारण ६५ अंशांवर स्थिर ठेवलेली नळी पुरते आणि विषाणू असल्यास द्रावणाचा रंग गुलाबीचा पिवळा होतो. हा रंग आम्लता वाढल्यामुळे बदलतो. त्यामुळे लाळ मुळातच आंबट असेल, म्हणजे नुकतेच लिंबू किंवा कोकम सरबत घेतले असेल, तर विषाणू नसतानाही रंग पिवळा पडू शकतो. आणि तंबाखूबरोबरचा चुना तोंडात राहिला असेल, तर त्याचा क्षार रंग बदलू न देता खरा संसर्गही झाकू शकतो. आम्लाचा असाच परिणाम अँटिजेन किटवरही होतो. २०२१ मध्ये ब्रिटनमधील शाळकरी मुले कोला आणि फळांचा रस टाकून खोटे पॉझिटिव्ह निकाल मिळवत असल्याचे उघड झाले होते.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून ऐरोलीत नोकरी करतो. तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडून असुरक्षित संबंध आला. लाज वाटल्याने दवाखान्यात गेलो नाही. मित्राने परदेशातून आणलेल्या तोंडातील स्वॅबच्या किटवर एचआयव्हीची चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. आता निश्चिंत व्हावे का?

अजून नाही. तुम्ही विचारलेत, हे योग्यच केलेत. पुढचे पाऊलही तितक्याच धीराने उचला.

हे किट विषाणू शोधत नाही. एचआयव्ही लाळेतून पसरत नाही आणि निदानासाठी लाळेत तो भरवशाने सापडत नाही. हिरडीच्या कडेने रक्तातील द्रव पाझरून तोंडात येतो आणि त्यात प्रतिपिंडे असतात. किट तीच शोधते, म्हणून काडी हिरडीवरून फिरवायला सांगतात. तोंडातील द्रवात ही प्रतिपिंडे रक्ताच्या मानाने फारच विरळ असतात आणि संसर्गानंतर ती तयार व्हायलाच वेळ लागतो. त्यामुळे संबंधानंतर तीन महिने होण्यापूर्वीचा निगेटिव्ह निकाल ग्राह्य धरत नाहीत. अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये घरगुती वापरासाठी मान्यता मिळालेल्या अशा पहिल्या किटच्या चाचणीत सामान्य माणसांनी स्वतः वापरल्यावर सुमारे ९२ टक्के बाधित ओळखले गेले, म्हणजे साधारण १२ बाधितांमागे एक निसटला. खोटे पॉझिटिव्ह मात्र जवळजवळ नव्हतेच, ५,००० निरोगी माणसांमागे एखादे. म्हणून पॉझिटिव्ह आलेले असे किट रक्त तपासून खात्री करण्यासाठी तातडीने पाठवते, आणि निगेटिव्ह आलेले किट तारीख पाहायला लावते.

शासकीय आणि महापालिका रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला आयसीटीसी म्हणतात, ही रक्तचाचणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. आधी बोलून पाहायचे असेल, तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे. प्रतिपिंडांबरोबर अँटिजेनही पाहणारी प्रयोगशाळेतील रक्तचाचणी संबंधानंतर १८ ते ४५ दिवसांत बहुतेक संसर्ग पकडते; ती आता करून घ्या आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करा. तोवर निरोध वापरा आणि रक्तदान करू नका. इतर वाचकांसाठी एक गोष्ट येथेच नोंदवतो. अशा प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे गेल्यास संसर्ग टाळणारी औषधे २८ दिवस देता येतात. लाजेपायी हे तीन दिवस हातचे जातात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : कोपरखैरणे येथून लिहिते. नऊ वर्षांच्या मुलाला दोन दिवस ताप आहे. तो सुईला फार घाबरतो. डेंग्यू लाळेवरून कळेल का?

नाही. डेंग्यूचे अँटिजेन व प्रतिपिंडे लाळेत शोधण्याचे प्रयोग झाले आहेत, पण निदानासाठी रक्तच लागते. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ अँटिजेन आणि पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंडे, हा क्रम डॉक्टर पाळतील. रॅपिड किट पॉझिटिव्ह आले तरी एलायझा या प्रयोगशाळेतील पद्धतीने खात्री करावी लागते. शिवाय डेंग्यूत प्लेटलेट आणि रक्ताचा घट्टपणा पाहण्यासाठी सुई टाळता येत नाही. ताप उतरताना पोटात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा मुलाची सुस्ती दिसली, तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्या. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्या; आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

प्रश्न : नेरुळच्या एका प्रसूतिगृहात माझ्या मुलीला मुलगी झाली. बाळ नऊ दिवसांचे आहे. ऐकण्याची चाचणी एका कानाला ‘रेफर’, म्हणजे पुढे तपासायला हवी अशी, आल्यावर डॉक्टरांनी लाळेचा स्वॅब सीएमव्हीसाठी पाठवायला सांगितला आणि ‘उशीर करू नका’ असे बजावले. एवढ्याशा बाळाच्या लाळेवरून काय कळणार? की हा उगाच खर्च आहे?

हा खर्च उगाच नाही. आजी म्हणून आपण तो आजच्या आज करवून घ्यावा.

सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, हा अतिशय सर्वसाधारण विषाणू आहे. मोठ्या माणसांना तो बहुधा जाणवतही नाही. गर्भारपणात तो बाळापर्यंत पोहोचला, तर मात्र त्याचा श्रवणावर परिणाम होऊ शकतो. अमेरिकेत दर २०० बाळांमागे सुमारे एक बाळ हा संसर्ग घेऊन जन्मते आणि अशा पाच बाळांपैकी साधारण एकाला पुढे दीर्घकालीन त्रास होतो. संसर्ग झालेल्या बाळाच्या लाळेत हा विषाणू भरपूर असतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ३५,००० नवजात बाळांच्या अभ्यासात लाळेवरील पीसीआरने, द्रव नमुन्यात सर्वच आणि वाळवलेल्या नमुन्यात ९७ टक्क्यांहून अधिक बाधित बाळे ओळखली. वाळवलेल्या स्वॅबला बर्फाचा डबा लागत नाही, नमुना साध्या पाकिटातून जाऊ शकतो, आणि आपल्याकडील लहान प्रसूतिगृहांच्या दृष्टीने मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

घाईचे कारण असे, की जन्मानंतरच्या तीन आठवड्यांत विषाणू सापडला तरच तो गर्भातच आला होता असे म्हणता येते. त्यानंतर सापडला, तर तो जन्मानंतर, अगदी आईच्या दुधातूनही, आलेला असू शकतो. याच कारणाने स्वॅब दूध पाजल्यानंतर किमान एक तासाने घ्यावा, आणि लाळ पॉझिटिव्ह आली तर याच मुदतीत लघवीच्या चाचणीने खात्री करावी. निदान पक्के झाले, तर श्रवणाची तपासणी वारंवार होईल आणि गरज वाटल्यास पहिल्या महिन्यात औषध सुरू करण्याचा विचार बालरोगतज्ज्ञ करतील. आपल्या मुलीला एक गोष्ट जरूर सांगा : हा संसर्ग तिच्या कोणत्याही चुकीमुळे होत नाही. स्तनपान चालूच ठेवायचे आहे.

प्रश्न : मी शहापूर तालुक्यातील एका निवासी शाळेत अधीक्षक आहे. २०० मुले एकत्र राहतात. कोविडसारखी साथ पुन्हा आली आणि तपासणीसाठी पैसे थोडेच असले, तर लाळेच्या चाचण्या कशा वापराव्यात?

आपण आधीच विचारलेत, म्हणून या पत्राला जागा अधिक देतो. थोड्या पैशांत अधिक मुले तपासण्याची एक जुनी युक्ती आहे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ मध्ये सैन्यभरतीतील तरुणांच्या सिफिलिस तपासणीसाठी ती सुचवली होती : अनेकांचे नमुने थोडे थोडे एकत्र करायचे, मिश्रण एकदाच तपासायचे आणि ते पॉझिटिव्ह आले तरच त्या गटातील प्रत्येकाला वेगळे तपासायचे. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरने कोविडसाठी पाचपर्यंत नमुने एकत्र करण्याची मुभा दिली होती. लाळ द्रवरूप असल्याने ती प्रयोगशाळेत मोजून एकत्र करणे सोपे जाते.

आपल्या २०० मुलांचे पाच-पाचांचे ४० गट होतील. दोन टक्के मुले बाधित असतील, तर साधारण चार गट पॉझिटिव्ह येतील, त्यांतील २० मुलांची वेगळी चाचणी होईल, म्हणजे २०० ऐवजी सुमारे ६० चाचण्यांत काम भागेल. साथ पसरून वीस टक्के मुले बाधित झाली असतील, तर मात्र ४० पैकी २७ गट पॉझिटिव्ह येतील आणि एकूण चाचण्या १७० च्या पुढे जातील. बचत फारशी उरत नाही आणि उलट निकालाला एक दिवस उशीर होतो. म्हणून ही पद्धत साथीच्या अगदी सुरुवातीला वापरायची. आयसीएमआरनेही बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक असलेल्या ठिकाणी ती वापरू नये, असे सांगितले होते. गट करताना एका खोलीत झोपणारी मुले एकाच गटात घ्या. संसर्ग खोलीत पसरलेला असल्यास पॉझिटिव्ह मुले एकाच गटात सापडतील आणि बाकीचे गट स्वच्छ निघतील.

वाचलेल्या पैशांतून एकदाच महागडी तपासणी करण्यापेक्षा, आठवड्यातून दोनदा गटचाचणी करावी, असे माझे मत आहे. एका दिवशी लाळेत विषाणू कमी असल्याने निसटलेले मूल तीन दिवसांनी सापडते, आणि निवासी शाळेत हे तीन दिवसच महत्त्वाचे असतात. ताप, खोकला असलेल्या मुलाला मात्र गटात घालू नका. त्याची चाचणी त्याच दिवशी स्वतंत्र करा आणि धाप लागत असेल, तर चाचणीआधी रुग्णालयात पाठवा.

नमुने सकाळी दात घासण्यापूर्वी, न्याहारीच्या आधी, उघड्या पडवीत आणि मुलांमध्ये अंतर ठेवून घ्यावेत. एकमेकांसमोर थुंकायला मोठ्या मुलींना संकोच वाटतो, त्यांच्यासाठी आडोसा करावा. नळीवर नाव व खोली क्रमांक आधी लिहून ठेवावा, कारण ओल्या हातांनी नंतर लिहिलेली अक्षरे शहापूरहून ठाण्याला पोहोचेपर्यंत पुसली जातात आणि प्रयोगशाळेला तो नमुना टाकून द्यावा लागतो.